विजेचा ट्रक आणि त्याचे टायर

तुमच्यापैकी पुष्कळजण सायकलवर शाळेत येत असतील. एखाद्या दिवशी सायकल फार जड चालते. पायडल मारून मारून पाय दुखतात, अंगाला घाम येतो आणि शाळा मात्र लवकर येत नाही. तुम्ही खाली उतरता आणि मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहता. टायर नरम लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तुम्ही हवा भरता आणि तीच सायकल पुन्हा हलकी होते. सायकल तीच, रस्ता तोच आणि पायही तुमचेच. मग हवा कमी असताना तुमची ताकद जात होती कोठे?

हा प्रश्न साधा दिसतो. पण मोठमोठे इंजिनिअर आज याच प्रश्नावर विचार करीत आहेत. याचे कारण असे की, आता ट्रकही विजेवर चालू लागले आहेत. विजेच्या ट्रकमध्ये डिझेलची टाकी नसते, बॅटरी असते. बॅटरी एकदा भरल्यावर गाडी जेवढे अंतर जाते, त्या अंतराला आपण तिचा पल्ला म्हणू. 'लांब पल्ल्याची गाडी' हे शब्द तुम्ही बसस्थानकावर ऐकले असतील. तोच हा पल्ला. विजेच्या ट्रकचा पल्ला किती, हे त्याच्या बॅटरीवर अवलंबून असते, हे कोणीही सांगेल. पण तो टायरवरही अवलंबून असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टायर बदलला की पल्ला बदलतो. तो किती बदलतो, का बदलतो आणि मग टायर कसा निवडावा, हे आपण या पाठात पाहू.

माझे चाचा ट्रक चालवीत. मालेगावहून कापडाच्या गाठी भरून ते भिवंडीला जात. निघण्यापूर्वी ते हातात लोखंडी पाना घेऊन ट्रकभोवती एक फेरी मारीत आणि प्रत्येक टायरवर एकेक टोला देत. आवाज टणक आला, तर हवा बरोबर. आवाज बद्द आला, तर हवा कमी. मी तेव्हा लहान होतो. एकदा मी त्यांना विचारले, "चाचा, इंजिन तपासायचे सोडून तुम्ही टायरच का ठोकता?" ते हसून म्हणाले, "बेटा, इंजिन गाडी ओढते हे खरे; पण गाडी जमिनीला टेकते ती फक्त टायरने. तेथे चूक झाली, तर इंजिन काय करणार?"

चाचांचे म्हणणे बरोबर होते. लहान मोटारीचा एक टायर जमिनीला जेवढा टेकतो, तो भाग साधारण आपल्या तळहाताएवढा असतो. ट्रकच्या टायरचा हा भाग त्याहून मोठा असतो. पण ट्रकच्या आकाराच्या मानाने तोही लहानच. सारे वजन, सारा वेग आणि सारे ब्रेक एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. टायर गोल असतो असे आपण म्हणतो. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा टायर नीट पाहा. गाडीच्या वजनाने त्याचा खालचा भाग दबून चपटा झालेला असतो. चाक फिरले की तो भाग वर जातो आणि पुन्हा गोल होतो. त्याच्या मागचा भाग खाली येतो आणि चपटा होतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि एकदा सुटतो.

रबर दाबायला ऊर्जा लागते. सुटताना रबर ती ऊर्जा परत देते. पण सगळी देत नाही. एक रबरी चेंडू छातीच्या उंचीवरून खाली सोडा. तो उसळून वर येईल. पण छातीपर्यंत येणार नाही. थोडा खालीच थांबेल. ही कमी पडलेली ऊर्जा कोठे गेली? तिची उष्णता झाली. टायरमध्येही असेच घडते. लांबून आलेल्या गाडीचा टायर गरम असतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. गाडी पुढे नेण्यासाठी दिलेली काही ऊर्जा टायर गरम करण्यात खर्च होते. त्यामुळे चाकाच्या फिरण्याला जो अडथळा होतो, त्याला आपण या पाठात 'टायरचा विरोध' म्हणू. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि विरोध वाढतो. तुमच्या पायांची ताकद तेथेच जात होती.

तुम्ही म्हणाल, डिझेलच्या ट्रकलाही टायर असतातच. मग विजेच्या ट्रकच्या बाबतीतच ही चर्चा का? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. डिझेलच्या इंजिनात इंधन जळते, तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन धुराबरोबर आणि रेडिएटरमधून निघून जाते. विजेच्या मोटारीत फार थोडी ऊर्जा वाया जाते. शिवाय ब्रेक लावताना किंवा घाट उतरताना विजेची मोटार उलटे काम करते. ती जनित्र बनते, वीज तयार करते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. पण समोरच्या हवेला ढकलण्यात आणि टायर दाबण्यात गेलेली ऊर्जा कधीही परत येत नाही. ज्या घरात मोठा नळ धो धो वाहत असतो, तेथे लहान नळाच्या थेंबांकडे कोणी पाहत नाही. मोठा नळ बंद केला की ते थेंब ऐकू येऊ लागतात. विजेच्या गाडीत टायरचे असेच झाले आहे.

दुसरे कारण वेळेचे आहे. डिझेलची टाकी काही मिनिटांत भरते आणि पंपही जागोजागी असतात. बॅटरी भरायला अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत वेळ लागतो. चार्जिंगची सोय सगळीकडे सारखी नसते. अशा वेळी पन्नास किलोमीटर कमी किंवा जास्त, हा फरक मोठा ठरतो. मुक्कामी पोहोचायचे की वाटेत अडकायचे, हे त्या पन्नास किलोमीटरवर ठरू शकते.

आता एक खरे उदाहरण पाहू. हे उदाहरण अमेरिकेतील आहे. अमेरिकेत 'ट्रक' हा शब्द थोड्या मोकळेपणाने वापरतात. पुढे माणसांना बसण्याची जागा आणि मागे उघडा हौदा असलेल्या ज्या गाडीला आपण पिकअप म्हणतो, तिलाही तेथे ट्रकच म्हणतात. शेतकरी, गवंडी, सुतार आणि डोंगरात फिरणारे लोक अशा गाड्या वापरतात. रिव्हियन नावाच्या कंपनीने २०२१ साली असा एक विजेचा ट्रक बाजारात आणला. त्याचे नाव आर-वन-टी. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी तो तयार होतो. त्याचे वजन सुमारे ३२०० किलो आहे. पहिल्या गाड्यांच्या बॅटरीत सुमारे १३० युनिट वीज मावत असे. युनिट म्हणजे तुमच्या घरच्या वीजबिलात लिहिलेले असते तेच. सरकारी चाचणीत या ट्रकचा पल्ला ३१४ मैल, म्हणजे सुमारे ५०५ किलोमीटर ठरला.

हा ट्रक घेणाऱ्याला तीन प्रकारच्या चाकांतून निवड करता येत असे. २१ इंचाच्या रिमवर साध्या रस्त्याचा टायर होता. २२ इंचाच्या रिमवर वेगाने वळणे घेण्यास योग्य असा टायर होता. २० इंचाच्या रिमवर दगडधोंड्यांच्या आणि चिखलाच्या वाटेसाठी मोठ्या नक्षीचा, दणकट टायर होता. ३१४ मैलांचा पल्ला २१ इंचाच्या टायरचा होता. कंपनीने ग्राहकांना सांगितले की, २२ इंचाचा टायर घेतल्यास पल्ला ५ ते १० टक्क्यांनी आणि २० इंचाचा दणकट टायर घेतल्यास १० ते १५ टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे ५०५ किलोमीटरमधून ५० ते ७५ किलोमीटर गेले! बॅटरी तीच, मोटार तीच, चालकही तोच. बदलले ते फक्त टायर. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सर्वांत लांब पल्ला मिळाला तो मधल्या आकाराच्या चाकाला. म्हणजे केवळ चाक लहान की मोठे, यावर सगळे ठरत नाही. टायरचे रबर, त्याची रुंदी आणि त्यावरची नक्षी यांवरही ते ठरते.

एवढा फरक कसा पडतो, याचा हिशेब आपण करू. हिशेब सोपा व्हावा म्हणून ट्रकचे वजन ३००० किलो धरू. रस्त्याचा चांगला टायर दर हजार किलो वजनामागे ८ किलो जोराने गाडीला मागे ओढतो, असे समजू. दणकट टायर ११ किलो जोराने ओढतो, असे समजू. म्हणजे पहिल्या ट्रकला जणू कोणी मागून दोरी बांधून २४ किलो जोराने ओढत आहे आणि दुसऱ्याला ३३ किलो जोराने ओढत आहे. २४ किलोचा जोर म्हणजे सुमारे २३५ न्यूटन. १०० किलोमीटर म्हणजे १,००,००० मीटर. जोर आणि अंतर यांचा गुणाकार केला की खर्च झालेली ऊर्जा मिळते. ती झाली २,३५,००,००० जूल. एका युनिटमध्ये ३६,००,००० जूल असतात. भागाकार केला की उत्तर येते सुमारे साडेसहा युनिट. याच रीतीने दणकट टायरचा हिशेब करा. उत्तर सुमारे ९ युनिट येईल.

म्हणजे दर शंभर किलोमीटरला अडीच युनिटांचा फरक पडला. आता पाहा, १३० युनिटांत ५०५ किलोमीटर जाणारा ट्रक शंभर किलोमीटरला सुमारे २६ युनिट खर्च करतो. त्यात अडीच युनिट वाढले तर झाले साडेअठ्ठावीस. मग १३० युनिटांत तो सुमारे ४५६ किलोमीटर जाईल. जवळजवळ ५० किलोमीटरची तूट आली. आपला हिशेब ढोबळ आहे. तरी कंपनीने सांगितलेल्या फरकाच्या तो अगदी जवळ आहे.

तर मग दणकट टायर वाईट आहे काय? मुळीच नाही. त्याची नक्षी मोठी आणि खोल असते, म्हणून चिखलात तो रुतत नाही. त्याच्या बाजूची भिंत जाड असते, म्हणून टोकदार दगडाने तो सहसा फाटत नाही. पण खोल नक्षीचे रबराचे तुकडे प्रत्येक फेरीत जास्त वाकतात आणि जाड रबर दाबायला जास्त ऊर्जा लागते. जो गुण चिखलात उपयोगी पडतो, तोच डांबरी रस्त्यावर महाग पडतो. डोंगरातील कच्च्या वाटेने रोज जाणाऱ्या माणसाने पल्ला वाढावा म्हणून रस्त्याचा टायर घेतला आणि गावापासून दूर तो फाटला, तर वाचवलेले पन्नास किलोमीटर त्याच्या काय कामाचे? याउलट एखाद्याची गाडी वर्षभर डांबरी रस्त्यावरच चालते; पण केवळ रुबाबदार दिसतो म्हणून तो दणकट टायर बसवतो. अशा माणसाच्या गाडीत दर शंभर किलोमीटरला अडीच युनिट वीज फुकट जाते.

आता ज्याला आपण खरोखर ट्रक म्हणतो, त्या मोठ्या मालवाहू गाडीकडे येऊ. मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीने २०२३ साली ई-अ‍ॅक्ट्रॉस ६०० नावाचा विजेचा ट्रक सादर केला. त्याच्या बॅटरीत सुमारे ६०० युनिट वीज मावते. मालासह ४० टन वजन घेऊन तो सुमारे ५०० किलोमीटर जातो, असे कंपनी सांगते. म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे १२० युनिट लागतात.

मोठ्या ट्रकचे टायर फार कडक आणि जास्त हवेचे असतात. चांगल्या टायरचा विरोध दर हजार किलोमागे ५ किलोच्या आसपास असतो. ४० टन म्हणजे ४० हजार किलो. मग विरोध झाला २०० किलोचा. पूर्वीच्याच रीतीने हिशेब केला, तर शंभर किलोमीटरला सुमारे ५४ युनिट होतात. एकूण खर्च १२० युनिट आणि त्यातले ५४ युनिट टायरचे! तोच टायर हजार किलोमागे ४ किलो विरोधाचा घेतला, तर शंभर किलोमीटरला सुमारे ११ युनिट वाचतील आणि पाचशे किलोमीटरच्या प्रवासात सुमारे ५५ युनिट वाचतील. वजन जितके जास्त, तितका टायरचा वाटा मोठा, हे यावरून स्पष्ट होते.

इतके वाचल्यावर तुम्हांला वाटेल की, टायर निवडणे अगदी सोपे आहे. ज्याचा विरोध सर्वांत कमी, तो टायर घ्यावा आणि मोकळे व्हावे. येथेच थांबा. चाचांच्या आयुष्यातील एक प्रसंग मी तुम्हांला सांगतो.

एका वर्षी उन्हाळ्यात चाचांच्या ट्रकचे मागचे टायर घासून गुळगुळीत झाले होते. नवे टायर घ्यायला पैसे लागतात. चाचांनी ठरवले की पावसाळा सुरू झाला की पाहू. गंमत अशी की, त्या दिवसांत डिझेल थोडे कमीच लागत होते. चाचा खूश होते. आज मला त्याचे कारण कळते. घासलेल्या टायरवर रबर कमी असते. रबर कमी म्हणजे वाकणे कमी आणि वाकणे कमी म्हणजे विरोधही कमी. म्हणजे चाचांचे गुळगुळीत टायर सर्वांत सहज पळणारे टायर होते!

मग जूनमधला पहिला पाऊस आला. चाचा गाठी भरून कसारा घाट उतरत होते. रस्ता ओला होता. पुढची गाडी एकाएकी थांबली. चाचांनी ब्रेक लावला. चाके थांबली, पण ट्रक थांबला नाही. तो ओल्या रस्त्यावरून घसरत गेला. चाचांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवले आणि ट्रक कडेच्या दगडांना घासून उभा राहिला. अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या बाजूला दरी होती. घरी आल्यावर चाचा दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उधार पैसे घेऊन नवे टायर बसवले. पुढे ते नेहमी म्हणत, "टायरला पळता आले पाहिजे, पण हुकूम होताच थांबताही आले पाहिजे."

टायरने रस्त्याला धरून राहणे, या गुणाला पकड म्हणतात. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. टायरवरच्या नक्षीतील खोबणी हे पाणी बाजूला सारतात. खोबणी घासून गेल्या की पाण्याला वाट राहत नाही आणि टायर पाण्यावर तरंगल्यासारखा घसरतो. म्हणून मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर तो टायर वापरू नये, असा नियम आहे. टायरच्या खोबणीत लहान उंचवटे केलेले असतात. घासून घासून टायर त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलण्याची वेळ झाली, असे समजावे.

पूर्वी टायर बनवणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती. विरोध कमी केला की ओल्यात पकड कमी होई. पकड वाढवली की विरोध वाढे. टायरच्या रबरात एक प्रकारची काजळी मिसळतात. तिच्यामुळे टायर मजबूत होतो आणि त्याला काळा रंगही येतो. १९९२ साली मिशेलिन या फ्रेंच कंपनीने यातील बरीच काजळी कमी करून तिच्या जागी सिलिका वापरलेला टायर आणला. वाळूत असते तीच ही सिलिका. पण टायरसाठी ती अगदी बारीक भुकटीच्या रूपात तयार करतात. या टायरचा विरोध कमी होता आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकून होती. आज विजेच्या गाड्यांसाठी बनणाऱ्या टायरमध्ये सिलिकेचा मोठा वापर होतो. तरीही ओढाताण पूर्णपणे संपलेली नाही. प्रत्येक टायर म्हणजे विरोध, पकड, टिकाऊपणा आणि किंमत यांमधला समझोता असतो.

मग दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे सारे कसे कळावे? सगळे टायर काळे आणि सगळे गोल! यासाठी युरोपात २०१२ पासून टायरवर एक चिठ्ठी लावतात. २०२१ पासून या चिठ्ठीवर 'ए' पासून 'ई' पर्यंत पाच श्रेणी असतात. एक श्रेणी विरोधाची असते आणि दुसरी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची. टायर किती आवाज करतो, हेही लिहिलेले असते. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो. त्यामुळे टायरचा आवाज जास्त जाणवतो. आपल्या देशातही ऊर्जा दक्षता ब्यूरोने टायरसाठी ताऱ्यांची पद्धत आखली आहे. फ्रिजवर आणि पंख्यावर तुम्ही जे तारे पाहता, तसेच हे तारे असतात. चिठ्ठी वाचताना एकच अक्षर पाहू नये. विरोधात 'ए' आणि पकडीत 'ई' असा टायर पावसाळी प्रदेशात शहाणा माणूस घेणार नाही.

टायरच्या भिंतीवरही पुष्कळ माहिती लिहिलेली असते. ती वाचायला शिका. समजा, टायरवर '२७५/६५ आर २०' असे लिहिले आहे. २७५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७९ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल पद्धतीचा टायर. २० हा रिमचा व्यास इंचांत आहे. यापुढे आणखी एक अंक असतो. तो टायर किती वजन पेलू शकतो, हे सांगतो. तो अंक ११६ असेल, तर एक टायर १२५० किलो वजन पेलतो. हा अंक फार महत्त्वाचा आहे. बॅटरी जड असल्यामुळे विजेची गाडी तशाच डिझेलच्या गाडीपेक्षा बहुधा जड असते. कमी वजनाचा टायर स्वस्त मिळाला म्हणून तो बसवला, तर तो तापून फुटण्याचा धोका असतो. शिवाय विजेची मोटार चालू होताच पूर्ण जोर लावते. त्यामुळे टायर लवकर झिजतात. म्हणून टिकाऊपणाही पाहावा लागतो.

आता निवडीचा क्रम आपण ठरवू. सर्वांत आधी वजन पाहावे. टायर गाडीचे आणि मालाचे वजन पेलतो काय? नंतर रस्ता पाहावा. गाडी डांबरावर किती आणि कच्च्या वाटेवर किती चालणार? मग हवामान पाहावे. पाऊस किती, बर्फ पडतो काय? बर्फाच्या प्रदेशात डोंगराची तीन शिखरे आणि मध्ये बर्फाचा कण, असे चिन्ह असलेले टायर घेतात. ओल्यातील पकडीची श्रेणी येथेच पाहावी. या तिन्ही परीक्षांत जे टायर पास होतील, त्यांतून ज्याचा विरोध कमी, तो टायर पल्ल्यासाठी निवडावा. नंतर किंमत आणि टिकाऊपणा यांचा हिशेब करावा. टायर दिसतो कसा, हा प्रश्न शेवटी विचारावा.

टायर निवडला म्हणजे काम संपले, असे नाही. उत्तम टायरही हवा कमी असेल तर वाईट टायरसारखा वागतो. गाडी बनवणाऱ्याने हवेचा योग्य दाब ठरवून दिलेला असतो. बहुधा चालकाच्या दाराजवळ तो लिहिलेला असतो. तेवढीच हवा भरावी. पल्ला वाढेल म्हणून जास्त हवा भरणे हीसुद्धा चूकच आहे. तसे केले की टायर कमी टेकतो, पकड घटते आणि मधला भाग लवकर झिजतो. टायर थंड असताना हवा तपासावी. कारण गरम झाल्यावर दाब वाढलेला दिसतो. हिवाळ्यात मात्र दाब आपोआप उतरतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे एक पौंडाने कमी होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुने टायर काढून नवे बसवले की पहिले काही दिवस पल्ला थोडा कमी झालेला दिसतो. घाबरू नये. नव्या टायरवर रबर जास्त असते, म्हणून असे होते. ते रबरच पावसात आपले रक्षण करते.

शेवटी तुम्हांला एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या मैदानात एक छोटासा उतार शोधा. सायकलच्या दोन्ही टायरांत पुरेशी हवा भरा. उताराच्या वरच्या टोकावरून पायडल न मारता सायकल सोडा. ती जेथे थांबेल तेथे खूण करा. आता दोन्ही टायरांतील थोडी हवा काढा. तोच मुलगा, तीच सायकल आणि तीच जागा घेऊन पुन्हा तसेच करा. दोन्ही अंतरे पावलांनी मोजा आणि वहीत लिहा. दोन्ही अंतरांमधला फरक म्हणजे टायरने घेतलेला कर. हाच कर विजेच्या ट्रकलाही द्यावा लागतो. पण तेथे पावलांऐवजी किलोमीटर मोजावे लागतात.

चाचा आता म्हातारे झाले आहेत. ते ट्रक चालवीत नाहीत. परवा मी त्यांना विजेच्या ट्रकची सारी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते उठले, दारात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरजवळ गेले, काठीने तिच्या मागच्या टायरवर एक टोला मारला आणि म्हणाले, "बेटा, आधी यात हवा भर."